अल्बम आवडला नाही तर तसं सांगा ना

गेल्या पावसाळ्यात लोअर परळला एका बँडचा अल्बम लाँच होता. बँडचं नाव लिहीत नाही, त्यातला ड्रमर माझा कॉलेजपासूनचा मित्र आहे आणि हे सगळं त्याला विचारूनच लिहितेय. नऊ गाणी, चाळीसेक मिनिटं, दोन वर्षं. चौघंही नोकरी करतात, रात्री अंधेरीच्या जॅमपॅडला, म्हणजे सरावाच्या खोलीला, तासाचं भाडं भरून बसायचे आणि शेवटची ट्रेन गाठायला पळायचे, त्यातून झालेला अल्बम. मित्राने आठवडाभर आधी लिंक पाठवली होती, मी तीन वेळा ऐकला, आणि मला तो आवडला नव्हता. दोन गाणी छान होती. पण त्यांच्या जुन्या ईपीमध्ये, म्हणजे छोट्या अल्बममध्ये, एक घाई होती, कोणीतरी मागे लागल्यासारखी वाजवायचे ती पोरं, ते सगळं गेलं होतं. प्रत्येक गाणं हळूहळू सुरू होऊन हळूहळू मोठं होणार, शेवटी गिटारचा ढग, आणि गाणाऱ्याचा आवाज मिक्समध्ये इतका मागे की शब्दच कळत नव्हते, आणि त्या मुलाचे शब्द ही त्या बँडची सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

गिग संपल्यावर बाहेर सगळे अर्धे भिजत उभे होते. भारी, फाडलंत, काय झालाय यार, हेच सगळीकडून. मित्र माझ्याकडे आला, घामाने निथळत होता, म्हणाला कसा वाटला? मी मिठी मारली आणि म्हटलं, खूप मस्त झालाय रे.

दादरला गाडी बदलून मुलुंडपर्यंत मला वाईट वाटत राहिलं. खोटं बोलल्याचं तर होतंच, पण त्याहून जास्त हे की तिथे शंभरेक माणसं होती आणि माझी खात्री आहे की त्यातल्या निम्म्यांना तरी माझ्यासारखंच वाटलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्या चौघांना एकटं पाडलं. पुढच्या दहा दिवसांत इन्स्टावर स्टोऱ्या आल्या, हार्ट आले, आणि मग त्या अल्बमबद्दल कोणी काही बोलेनासंच झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुंबईतले इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच काढलेले अल्बम टीकेने मरत नाहीयेत, ते गप्प बसण्याने मरतायत. आणि आपण त्या गप्प बसण्याला ‘सीनला सपोर्ट’, म्हणजे इथल्या बँडच्या वर्तुळाला आधार, असं नाव दिलंय.

मी २३ वर्षांची आहे, गाणी ऐकणं हेच माझं सगळ्यात मोठं वेड, वाजवता काही येत नाही. माझ्या आवडत्या अल्बम्सची यादी कोणी विचारली तर मी अर्धा तास बोलू शकते. स्ट्रोक्स या न्यूयॉर्कच्या बँडचा ‘इज धिस इट’, २००१ चा, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचा. ११ गाणी, ३६ मिनिटं, मुलुंड ते दादर स्लो गाडीत जवळपास अख्खा बसतो आणि कॉलेजची दोन वर्षं मी तो तसाच ऐकला, भांडुपला कुठलं गाणं येतं आणि कुर्ल्याला कुठलं हे मला पाठ होतं. जानेवारी २०२३ ला लोलापलूझा हा संगीत महोत्सव भारतात पहिल्यांदा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर झाला आणि तेच स्ट्रोक्स आले, तेव्हा मी धुळीत उभी राहून रडले होते. आर्केड फायर या कॅनडाच्या बँडचा ‘द सबर्ब्स’, २०१० चा. ह्यूस्टनच्या बाहेरच्या उपनगरात वाढल्याच्या आठवणींवरचा अल्बम आहे तो, आपल्या मुलुंड-भांडुपशी त्याचा काही संबंध नाही, तिथे गाड्या चालवत फिरतात आणि इथे आम्ही रिक्षासाठी भांडतो, पण मोठं शहर जवळ असूनही आपण त्याच्या बाहेरच राहिलोय ही जी भावना आहे ना, ती मला त्या अल्बमने पहिल्यांदा शब्दांत दिली. आणि आपल्याकडचा म्हणाल तर दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बिस्मिल्लाह’, २०१९ चा. ब्रास आहे, जुन्या क्लबमध्ये गातात तसा आवाज आहे, मध्येच जुन्या हिंदी सिनेमाचा वास येतो, मध्येच डिस्को, आणि हे सगळं एकाच घरातलं वाटतं. तो ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की इंग्रजीत गाणारा इथला बँड इथलाच वाटू शकतो, त्याला न्यूयॉर्क असल्याचं सोंग घ्यावं लागत नाही.

आता निराश केलेल्या अल्बम्सची यादी. ही यादी आपण कधीच कोणाला विचारत नाही, पण माणूस गाणी कशी ऐकतो हे त्यावरूनच जास्त कळतं असं मला वाटतं, कारण जे आधी खूप आवडलं असेल त्यानेच निराशा होते. आर्क्टिक मंकीजचा पहिला अल्बम २००६ चा, शेफील्डची विशीच्या आसपासची पोरं, आपल्याच गावातल्या रात्रींवर, टॅक्सीच्या रांगांवर, क्लबच्या दारातल्या भांडणांवर गाणी लिहिली होती, ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात साडेतीन लाखांहून जास्त प्रती गेल्या. माझ्या मावसभावाने मला नववीत त्यांचा ‘एएम’ ऐकवला आणि तिथून मी मागे मागे जात या पहिल्या अल्बमपर्यंत पोचले. मग मे २०१८, माझी दहावीची सुट्टी, ‘ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसीनो’ आला. गिटार जवळजवळ गायब. त्यांच्या गायकाला, ॲलेक्स टर्नरला, तिसाव्या वाढदिवसाला पियानो मिळाला होता, त्यावर त्याने गाणी लिहिली, आणि विषय काय तर चंद्रावरचं हॉटेल. मला इतका राग आला होता, म्हणजे खरंच कोणीतरी फसवल्यासारखा.

पण पुढे काय झालं ते बघा. तो अल्बम आल्यावर सगळीकडे भांडणं लागली. कोणी लिहिलं की याला कोरस कशाशी खातात ते माहीत नाही, कोणी लिहिलं की हा त्यांचा सगळ्यात धाडसी अल्बम आहे, आणि दोन्हीकडच्या लोकांनी नीट, गाणं धरून, ओळ धरून लिहिलं. मी रागाच्या बाजूचं सगळं वाचलं आणि मग चिडून दुसऱ्या बाजूचंही वाचलं. लॉकडाऊनमध्ये एका रात्री परत लावला आणि अर्धा अल्बम मला आवडायला लागला. उरलेला अर्धा आजही नाही आवडत. पण मी त्याच्याकडे परत गेले कारण लोक त्याच्यावर भांडले होते, भांडणातून मला आत शिरायला दारं मिळाली होती. सगळे नुसतं भारी म्हणाले असते तर मी तो २०१८ लाच सोडून दिला असता.

‘भारी’ म्हटलं की पुढे बोलायला काही राहतच नाही ना. तू भारी म्हणालीस, तो थँक्यू म्हणाला, झालं. ‘तिसऱ्या गाण्यात ड्रम्स अचानक थांबतात ते का थांबतात?’ असं विचारलं की तासभर जातो.

आर्केड फायरचा २०१७ चा ‘एव्हरीथिंग नाऊ’ मला असाच लागला होता, म्हणजे उशिराच ऐकला मी तो, ‘द सबर्ब्स’च्या प्रेमात असताना. सगळं जग स्क्रीनला चिकटलंय हे सांगायला अख्खा अल्बम, आणि ज्या बँडने आधी माणसांवर लिहिलं होतं तो आता माणसांना उपदेश करतोय असं वाटलं. तिकडच्या समीक्षकांनीही मोकळेपणाने लिहिलं की हा कमी पडला. २०११ मध्ये ज्यांना ग्रॅमीचा अल्बम ऑफ द इयर मिळाला होता त्यांच्याबद्दल लिहिलं. आणि लिहिणाऱ्यांना कोणी ‘तुम्ही सीनचे दुश्मन’ म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

परदेशी नावं घेऊन टीका करणं सोपं आहे हे मलाही कळतं, ते लोक काही दादरला भेटणार नाहीत. म्हणून इथलं एक घेते. प्रतीक कुहाड या गायकाचा २०१५ चा ‘इन टोकन्स अँड चार्म्स’ आणि २०१८ चा ‘कोल्ड मेस’ हा ईपी, हे दोन्ही मी कितीतरी वेळा ऐकलेत, त्या ईपीमधलं गाणं ओबामांच्या २०१९ च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आलं तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये आपलाच कोणीतरी पास झाल्यासारखा आनंद होता. मग २०२२ ला अमेरिकेतल्या इलेक्ट्रा लेबलवरून ‘द वे दॅट लव्हर्स डू’ आला आणि मी निराश झाले. आवाज सुंदर, रेकॉर्डिंग सुंदर, पण आधीच्या गाण्यांत श्वास घेतल्याचा आवाज यायचा, बोट तारेवर घासल्याचा यायचा, समोर बसून कोणीतरी अवघड काहीतरी सांगतंय असं वाटायचं. इथे सगळ्या कडा घासून गुळगुळीत केल्यात, आणि एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात कधी गेलो ते कळत नाही. हे माझं मत आहे आणि ज्याला तो अल्बम जिवापाड आवडतो त्याने मला येऊन सांगावं का आवडतो, मी खरंच ऐकेन, मंकीजच्या वेळी ऐकलं होतं तसं.

हे असं बोलणं आपल्याला परकं आहे का? मला नाही वाटत. आमच्या आईला घेऊन मुलुंडच्या कालिदासला नाटक बघायला जा. दुसरा अंक संपून लोक बाहेर पडतात तिथपासून रिक्षा मिळेपर्यंत ती नाटकाची सालं काढते, कोणाची एंट्री चुकली, कोण नुसतं हशा घ्यायला थांबत होतं, नेपथ्यात खिडकी कशाला होती जर कोणी त्यातून बघतच नव्हतं. आणि पुढच्या महिन्यात त्याच नटाचं नवीन नाटक आलं की पहिल्या दिवशी तिकीट काढते. तिच्या डोक्यात या दोन गोष्टींत काही विरोधच नाही. गाण्याच्या बाबतीतही आपल्याकडे हे होतं. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावाने त्यांच्या काळातल्या नावाजलेल्या गायकांवर लिहायचे, कोणाचं काय चांगलं आणि कोण कुठे कमी पडतं. आणि हा माणूस बाहेरून दगड मारणारा नव्हता, पुढे प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ला संगीत त्यांनीच दिलं. म्हणजे स्वतः वाजवता-गाता येणारा, त्याच वर्तुळातला माणूस लिहीत होता. तेव्हाचं वर्तुळ काही आजच्या इंडीपेक्षा फार मोठं नसणार, तिथेही सगळे सगळ्यांना ओळखतच असणार.

माझा मामा नव्वदच्या दशकात धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाला जायचा. तो सांगतो की पब्लिकला बँड आवडला नाही तर पब्लिक तोंडावर ओरडायचं, उतरा खाली. ते काही मला परत आणायचं नाहीये, स्टेजवर घाबरत उभ्या असलेल्या पोरांवर ओरडण्यात कसलं प्रेम. पण मामा हेही सांगतो की शो सुटल्यावर सीएसटीपर्यंत चालत जाताना आणि मग गाडीत कल्याणपर्यंत पोरं एकेका बँडवर वाद घालायची, आणि अलाहाबादहून १९९३ ला सुरू झालेलं रॉक स्ट्रीट जर्नल हे मासिक हातोहात फिरायचं, त्यात काय लिहून आलंय यावर परत वाद. शाळा, कॉलेज, हॉस्पिटल, कोर्टाच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र, हा नियम २००० मध्ये आला, रंगभवनच्या एका बाजूला कॉलेज, आजूबाजूला हॉस्पिटलं, तिथली गाणी बंद झाली. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान २०१६ ला बंद झालं, त्याच वर्षी लोअर परळचा ब्ल्यू फ्रॉग हा गाण्यांचा क्लबही. मी तेव्हा शाळेत होते, मला यातलं काहीच मिळालं नाही. जागा गेल्याचं दुःख सगळे करतात आणि ते बरोबरच आहे, पण त्या जागांच्या बाहेर जे बोलणं व्हायचं, काउंटरवरचा दादा ‘हा नको घेऊस, आधीचा घे’ म्हणायचा, ते पण गेलं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. आता अल्गोरिदम मला कधीच म्हणत नाही की हा नको घेऊस.

याच्यावर मला नेहमी एकच उत्तर मिळतं. अगं ती पोरं स्वतःच्या खिशातून करतायत, दिवसभर नोकरी करून, त्यांना काय बोलायचं. मी म्हणते, म्हणूनच तर बोलायचं. ज्याने दोन वर्षं आणि सगळा बोनस घातलाय त्याला तुम्ही चाळीस मिनिटं लक्ष देऊन ऐकलंत आणि काय ऐकलंत ते सांगितलंत, याहून मोठी गोष्ट तुम्ही देऊ शकत नाही. आणि पैशाचंच बोलायचं तर स्टोरीवर हार्ट टाकून त्यांना काही मिळत नाही. २०२४ पासून ज्या गाण्याला आधीच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम्स झाले नाहीत त्याचे स्पॉटिफाय पैसेच देत नाही, आणि आमच्या ओळखीतल्या बहुतेकांची अर्धी गाणी त्याच्या खालीच असतात. बँडकॅम्पवर अल्बम विकत घेतला तर साईट १५ टक्के ठेवते, पेमेंटची फी सोडली तर बाकीचे बनवणाऱ्याला जातात. लाँचला आलेल्या शंभरातल्या किती जणांनी अल्बम विकत घेतला असेल? मी घेतला होता, आणि म्हणूनही मला वाटतं की बोलायचा हक्क माझा जास्त होता, आणि मी तो वापरला नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मला त्रास देतो. टीकेने लहान माणूस मोडू शकतो. २००४ मध्ये ट्रॅव्हिस मॉरिसन नावाच्या अमेरिकन गायकाच्या पहिल्या सोलो अल्बमला पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या साईटने १० पैकी ०.० दिले होते. शून्य पूर्णांक शून्य. त्या एका आकड्याने त्याच्या सोलो करिअरला जो धक्का बसला तो परत सावरलाच नाही. मोठ्या बँडला शून्य दिलं तर तो हसून सोडून देईल, पण एकट्या माणसाला दिलं तर त्याच्या मागच्या सगळ्या कामावरही ते शून्य लागतं. आणि गंमत करायची म्हणून दिलेलं शून्य तर अजूनच वाईट. त्याच पिचफोर्कने २०२१ मध्ये आपल्या १९ जुन्या रिव्ह्यूंचे आकडे परत बदलले, डाफ्ट पंकच्या ‘डिस्कव्हरी’ला आधी ६.४ दिले होते ते थेट १० केले, लिझ फेअर या गायिकेच्या अल्बमला ०.० होते ते ६ केले. मत बदललं हे कबूल केलं याबद्दल मला आदर आहे. पण मग आकडा मुळात कशाला, हा प्रश्न उरतोच. म्हणून मी आकड्यांच्या बाजूची नाही. मला मार्क नकोत, स्टार नकोत. मला वाक्यं हवीत, ज्यात गाण्याचं नाव आहे आणि ते कुठे लागलं, कुठे नाही लागलं हे आहे.

आणि एक गोष्ट मराठीपुरती. मराठीत रॅप करणाऱ्याला, मराठीत रॉक करणाऱ्याला आपण जे कौतुक देतो ना त्यात एक दया असते आणि ती मला अजिबात सहन होत नाही. ‘आपला मराठी पोरगा आहे, सपोर्ट करा.’ ‘मराठीत असं काही होतंय हेच खूप.’ हेच खूप कसं? स्वदेसी या हिप-हॉप ग्रुपचं ‘द वारली रिव्होल्ट’ २०१९ ला आलं, आरेच्या जंगलाचा लढा चालू होता, त्यात प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाचा आवाज, आणि तो ऐकताना अंगावर काटा येतो तो मराठी म्हणून येत नाही, गाणं तसं बांधलंय म्हणून येतो. ते कसं बांधलंय यावर किती लोकांनी लिहिलं? बीट कुठे मागे घेतलाय, भोईरांचा आवाज आला की बाकीचे कसे बाजूला होतात? २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ हाऊस या क्लबमधल्या नाचाच्या संगीताच्या बीटवर आलं आणि सगळीकडे वाजलं, तेव्हाही लिहिलं गेलं ते ‘मराठीचा डंका’ एवढंच. डंका ठीक आहे हो, पण गाणं? ज्याच्या कामावर आपण वाद घालतो त्याला आपण बरोबरीचा मानतो. नुसतं डोक्यावरून हात फिरवणं हे लहान मुलाला चालतं.

माझ्या मित्राचं राहिलं. लाँचनंतर तीनेक महिन्यांनी आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो आणि तो मध्येच म्हणाला, खरं सांग, तुला नव्हता ना आवडला? मी फोन काढला, त्यात नोट्स होत्या, गाण्यागणिक लिहिलेल्या, लाँचच्या आठवड्यातल्या. वाचून दाखवल्या. दोन ठिकाणी त्याला लागलं, ते मला दिसलं आणि मलाही लागलं. आवाज मागे पडलाय म्हटल्यावर तो म्हणाला, मी हेच सांगत होतो स्टुडिओत, कोणी ऐकलं नाही, बाहेरून एक जण जरी बोलला असता तर. मग चौथ्या गाण्यावर आलो, ते मला सगळ्यात कंटाळवाणं वाटलं होतं, सरळ सरळ चाललंय असं लिहिलं होतं मी. तो गप्प झाला आणि मग म्हणाला की त्यातला ठेका त्याच्या लालबागच्या चाळीतल्या गणपतीच्या लेझीमचा आहे, लहानपणी तो मागे उभा राहून हलगी वाजवायचा तो. मला तो ऐकूच आला नव्हता. त्याने एक इअरफोन मला दिला, एक स्वतःच्या कानात घातला, आणि मांडीवर बोटांनी तो ठेका वाजवत राहिला. तेव्हा मला ऐकू आला, खाली, गिटारच्या ढगाखाली दबलेला. मी म्हटलं अरे मग हा वर आण ना, हेच तर गाणं आहे. तो म्हणाला नाही, मला तो दबलेलाच हवा होता, चाळ पाडली ना आता. यावर आम्ही साडेदहापर्यंत भांडलो, मला अजूनही वाटतं की तो चुकतोय, तो ठेका दबलेला आहे हे कळायला तरी तो थोडा ऐकू यायला हवा.

मागच्या आठवड्यात त्याने नव्या गाण्याचा डेमो पाठवलाय, सोबत एकच ओळ, ‘भारी म्हणायचं नाही.’ दोनदा ऐकलाय. शब्द स्वच्छ ऐकू येतायत. दुसऱ्या कडव्यानंतर मात्र गाणं दीड मिनिट उगाच रेंगाळतंय, ते त्याला आज रात्री फोन करून सांगणार आहे.